माळ रिकामा होताना : दख्खनमधील शिकारी पक्ष्यांच्या मोजणीचा इतिहास

बीड जिल्ह्यात एकाच नावाची उलटापालट करावी तशी दोन गावे आहेत. केज तालुक्यातले नांदूरघाट आणि अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर. दोन्ही नावांतला 'घाट' बालाघाटाच्या डोंगररांगेची आठवण करून देतो. घाटनांदूर हे परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरचे स्थानक. इथले डोंगर सह्याद्रीसारख्या कड्यांचे नाहीत. सपाट माथ्याची पठारे, मुरमाड माळ, कुसळी गवताची गायराने आणि खालच्या अंगाला ज्वारी-हरभऱ्याची काळी राने असा हा मुलूख आहे.

दख्खनच्या अशा माळांवर पावसाळा सरता सरता उत्तरेकडून शिकारी पक्षी येतात. त्यांत भोवत्या विशेष. इंग्रजीत ज्यांना 'हॅरियर' म्हणतात त्या पक्ष्यांना मराठी पक्षीसाहित्यात हे नाव आहे. पंख किंचित वर उचलून, जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून तो माळ चाळत जातो आणि गवतातला नाकतोडा, उंदीर किंवा चंडोल दिसला की गर्रकन वळून खाली पडतो. फाल्गुन-चैत्रात हे पक्षी परत जातात. कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशात, स्टेपमध्ये, जमिनीवर घरटी करणारे हे पक्षी आपल्याकडे वर्षातले सहा महिने काढतात.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिवस. पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात, हवा आल्हाददायक असते, शाळा-महाविद्यालये चालू असतात. पक्षी परत जातात त्या दिवसांसाठी मात्र आपल्या पंचांगात काही नाही. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दख्खनमधल्या शिकारी पक्ष्यांची जी माहिती गेल्या आठ-नऊशे वर्षांत जमली, ती जवळजवळ सगळी त्यांच्या येण्याची, रूपाची, नावांची आणि कातड्यांची आहे. किती आले, किती उरले आणि कधी गेले हा हिशेब फार उशिरा सुरू झाला. तो उशिरा का सुरू झाला आणि त्याने काय अडते, हे या लेखात पाहायचे आहे.

बाजदारांचे ज्ञान

शिकारी पक्ष्यांकडे बारकाईने पाहणारे पहिले लोक बाजदार होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. त्याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ चा मानला जातो. मराठीच्या अभ्यासकांना तो मराठीच्या आरंभीच्या खुणांसाठी परिचित आहे. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांमध्ये, 'श्येनविनोद' हे प्रकरण येते. श्येन म्हणजे ससाणा. पकडलेल्या ससाण्याला माणसाळवून त्याच्याकडून इतर पक्ष्यांची शिकार करवण्याची ही कला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. अंबाजोगाईचा प्रदेश या चालुक्यांच्या राज्यात मोडत होता, हे ध्यानात घेतले की श्येनविनोदातले आकाश आणि बालाघाटावरचे आकाश फार दूर राहत नाही.

पुढे बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानी दरबारांबरोबर फारसी शब्दसंपदा दख्खनेत मुरली. बाज, शिक्रा, शाहीन, बहिरी ही नावे त्या वाटेने आली. त्यांतले 'बहिरी ससाणा' हे नाव मराठी कानाला फसवते. या पक्ष्याच्या ऐकण्याशी त्याचा संबंध नाही. 'बहर' म्हणजे समुद्र, त्यावरून 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा, आणि त्याचे झाले 'बहिरी'. हिवाळ्यात बाहेरून येणारा तो बहिरी आणि इथेच कड्यांवर घरटे करणारा त्याचा सावळा भाऊबंद तो शाहीन, असा भेद बाजदारांना ठाऊक होता. आजचे पक्षिशास्त्र हे दोन्ही एकाच जातीचे उपप्रकार मानते आणि त्यांतला एक स्थलांतरी व दुसरा स्थानिक असल्याचे सांगते. म्हणजे स्थलांतराची नोंद शब्दात होती. पण बाजदाराला जाळ्यात एक चांगला पक्षी हवा असे. आकाशातून किती गेले याचा हिशेब ठेवण्याचे त्याला कारण नव्हते.

आकडेतज्ज्ञ साइक्स

पेशवाई संपल्यावर सहा वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतली माणसे, जमिनी, पिके, हवामान यांची आकडेवारी गोळा करणे हे त्याचे काम. १८३१ पर्यंत तो या कामात होता. पुढे १८३४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत तो होता आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचा अध्यक्षही झाला. आकड्यांवर इतकी श्रद्धा असलेला माणूस दख्खनच्या माळांवर सात वर्षे हिंडला.

त्याच दौऱ्यांत त्याने पक्षी जमवले. १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तान्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. आपल्या ओढ्याकाठी दिसणाऱ्या वंचकाचे, म्हणजे ढोकरीचे, शास्त्रीय नामकरण या सूचीतूनच झाले. त्याच सूचीत त्याने एका फिकट राखी भोवत्याला 'सर्कस पॅलिडस' असे नाव दिले. हा पक्षी रशियाच्या प्रदेशातून ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञाने आधीच वर्णिला होता, म्हणून शास्त्रीय नावाचा मान ग्मेलिनकडे गेला आणि आज तो 'सर्कस मॅक्रोरस' म्हणून ओळखला जातो. पण इंग्रजीत 'पॅलिड हॅरियर' हे नाव टिकले. स्टेपवर जन्मणाऱ्या या पक्ष्याचे जगभर चालणारे इंग्रजी नाव दख्खनच्या माळावर हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याशी असे जोडलेले आहे.

साइक्सने माणसे मोजली आणि पक्ष्यांची यादी केली. दोन्ही कामांतला फरक पुढच्या शंभर वर्षांवर पडला. जात नवी आहे का, तिचे नाव काय, आकार आणि रंग कोणता, हे प्रश्न त्या काळच्या पक्षिशास्त्राचे होते. संख्या हा त्याचा प्रश्न नव्हता. शिवाय त्याच्या चार जिल्ह्यांची हद्द कंपनीच्या मुलखाबरोबर संपत होती. बीड निजामाच्या राज्यात होते. अहमदनगर जिल्ह्याच्या पूर्वेला बालाघाट तसाच पुढे जात असला तरी सरकारी आकडेवारीला तिथे थांबावे लागे.

थंडीचे दौरे

ॲलन ह्यूम यांनी १८७० च्या दशकात 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले. त्यात १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर मोठा लेख लिहिला. डेव्हिडसन मुलकी अधिकारी, वेंडन रेल्वेच्या कामातले. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. हौशी अधिकाऱ्यांच्या निरीक्षणांना त्यामुळे कायमची जागा मिळाली.

या नोंदींचे वेळापत्रक मात्र कचेरीचे होते. साहेबाचा मुलकी दौरा थंडीत निघे. तंबू, उंट, बैलगाड्या घेऊन तो गावोगाव फिरे, दिवसा कागद पाही आणि सकाळ-संध्याकाळ बंदूक घेऊन निघे. उन्हे चढू लागली की मुंबई सरकारचा मुक्काम महाबळेश्वरला हलत असे आणि ज्याला शक्य तो थंड हवेकडे जाई. पक्षी माळ सोडून निघत, नेमके त्याच सुमारास पाहणारेही माळ सोडत. मार्च-एप्रिलमध्ये दख्खनच्या उघड्या माळावर दिवसभर उभे राहणारे लोक तेव्हाही होते, पण ते शेतकरी आणि मेंढपाळ होते. सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्यांच्या डोक्यावरून काय जाते हे त्यांना दिसत होते. ते कुणी विचारले नाही आणि लिहूनही घेतले नाही.

बालाघाटाच्या या बाजूला पक्षिशास्त्र पद्धतशीरपणे पोचले ते सलीम अलींबरोबर. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी केली. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. या पाहणीचा वृत्तान्त ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला. संस्थानात कोणत्या जाती आहेत, त्या कुठे आढळतात, त्यांचे उपप्रकार कोणते, याचा तो भक्कम पाया आहे. पण पाहणीची पद्धत नमुने गोळा करण्याची होती. कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण असते. त्या दिवशी माळावर आणखी किती पक्षी होते, हे चिठ्ठीवर नसते.

डोंगरमाथ्यावरची वही

ज्या वर्षी हैदराबाद पाहणीचे शेवटचे भाग छापले जात होते, त्याच १९३४ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात एक वेगळीच गोष्ट घडली. तिथल्या एका डोंगरधारेवर शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे जात आणि बंदूकवाले रविवारी मजा म्हणून त्यांना टिपत. रोझाली एज या कार्यकर्त्या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला, मॉरिस ब्राऊन यांना रखवालदार नेमले आणि शिकार थांबवली. बंदुका गेल्यावर ब्राऊन यांनी माथ्यावर बसून जाणारे पक्षी मोजायला सुरुवात केली. तारीख, तास, वारा, जात, संख्या. 'हॉक माउंटन' नावाने प्रसिद्ध झालेल्या या जागेवरची ती वही, युद्धकाळातला खंड सोडला तर, आजवर चालू आहे.

तिचा उपयोग सुरू करणाऱ्यांनीही कल्पिला नव्हता असा झाला. १९६० च्या सुमारास रेचल कार्सन कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर लिहीत होत्या. हॉक माउंटनच्या आकड्यांत मोठे टकले गरुड दिसत होते, पण त्या वर्षी जन्मलेली पिल्ले घटत चालली होती. म्हणजे पक्षी जगत होते, वीण बसत नव्हती. १९६२ मध्ये आलेल्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये या आकड्यांना साक्षीदाराचे स्थान मिळाले. डीडीटीचा बोभाटा होण्याच्या कितीतरी आधीपासून कुणीतरी कंटाळवाणे आकडे लिहीत बसले होते, म्हणून ही साक्ष उभी राहू शकली.

वसंतातल्या मोजणीचे सर्वांत गाजलेले ठिकाण इस्राएलच्या दक्षिण टोकाचे एलात. आफ्रिकेतून युरोप-आशियाकडे परतणारे पक्षी समुद्र टाळतात. गरुड आणि मोठ्या पंखांचे बाज पंख मारून दूर जात नाहीत. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचे जे स्तंभ वर चढतात, त्यांत घिरट्या घालत ते उंची गाठतात आणि मग पुढच्या स्तंभापर्यंत घसरत जातात. पाण्यावर असे स्तंभ नीट तयार होत नाहीत. म्हणून जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांची दाटी होते. १९८५ च्या वसंतात एलातला दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले.

भारतात अशी दाटी हिमालयाच्या पायथ्याशी होते. स्टेप गरुड आणि त्यांचे सोबती हिमालयाच्या धारेला समांतर पूर्व-पश्चिम जातात. रॉबर्ट फ्लेमिंग यांनी नेपाळमधून या हालचालीबद्दल १९८३ मध्ये लिहिले. यान विलेम डेन बेस्टेन यांनी हिमाचल प्रदेशातल्या धरमशाला येथे २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात हे पक्षी मोजले. जाणे आणि येणे या दोन्ही वाटा एकाच ठिकाणाहून तपासणाऱ्या भारतातल्या मोजक्या अभ्यासांत त्याचा समावेश होतो.

गिधाडांनी दिलेला धडा

हे सगळे दूरचे वाटत असेल तर घरातले उदाहरण घ्यावे. गिधाडे आपल्या गावकुसाबाहेर इतकी असत की त्यांना मोजण्याची कल्पनाच कुणाला शोभली नसती. १९९१ ते १९९३ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी देशभर रस्त्यांवरून गाडीने जात शिकारी पक्ष्यांची मोजणी केली. त्या वेळी गिधाडांवर कसले संकट आहे म्हणून ती झाली नव्हती. शिकारी पक्ष्यांची साधारण स्थिती कळावी, एवढाच हेतू होता.

काही वर्षांतच राजस्थानातल्या केवलादेव उद्यानात गिधाडे मरताना आणि घरटी ओस पडताना दिसू लागली. मग २००० पासून त्याच जुन्या रस्त्यांवरून पुन्हा मोजणी झाली. २००७ पर्यंत चित्र स्पष्ट झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या मानाने सुमारे एक हजारांश राहिली होती. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासावरून दाखवले की जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली.

१९९१ ते १९९३ ची वही नसती तर काय झाले असते? 'पूर्वी फार गिधाडे होती' असे म्हाताऱ्यांनी सांगितले असते आणि 'पूर्वी सगळेच फार होते' असे म्हणून आपण ते सोडून दिले असते. आठवण खरी असली तरी सरकारी दप्तरात तिला वजन नसते.

रातथाऱ्यावर

आता भोवत्यांकडे परत येऊ. बालाघाट म्हणजे एलात नव्हे. इथे समुद्र अडवत नाही, डोंगराची धार पक्ष्यांना एका रेषेत आणत नाही. भोवत्ये गरुडांसारखे चढत्या हवेवर फारसे अवलंबूनही नसतात. पंख मारत, एकेकटे, रुंद आघाडीवर निघून जातात. त्यामुळे घाटनांदूरच्या माळावर दुर्बीण लावून परतीचा प्रवाह पाहू म्हटले तर हाती फार थोडे लागेल. इथे वसंतातले स्थलांतर जाणाऱ्या थव्यातून दिसत नाही. काल वीस होते, आज बारा आहेत, पुढच्या आठवड्यात तीन असतील, अशा उतरत्या आकड्यांतून ते दिसते.

हा आकडा घेण्याची जागा म्हणजे रातथारा. दिवसभर मैलोगणती विखुरलेले भोवत्ये संध्याकाळी गवताच्या ठरावीक पट्ट्यात जमिनीवर झोपायला एकत्र येतात. सूर्यास्ताच्या आधी तासभर लांबवर, पश्चिमेचे आभाळ समोर येईल असे बसले तर उतरणारा प्रत्येक पक्षी मोजता येतो. गुजरातमध्ये भावनगरजवळच्या वेळावदरला हे काम वर्षानुवर्षे झाले आहे. हे एकेकाळचे संस्थानी शिकारीचे रान, आज काळविटांचे राष्ट्रीय उद्यान. रॉजर क्लार्क, विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिथल्या रातथाऱ्यावरील जागतिक विक्रमी मोजणी प्रसिद्ध केली. पुढे बंगळूरच्या अशोका ट्रस्ट अर्थात 'एट्री' संस्थेतले टी. गणेश आणि प्रशांत एम. बी. यांनी देशभरातल्या रातथाऱ्यांचा मागोवा घेतला. गवताळ रान नांगरले गेले की रातथारा मोडतो आणि पक्ष्यांना दुसरीकडे जावे लागते, ही बाब अशाच नियमित फेऱ्यांतून कळते.

वेळावदरसारख्या एका मोठ्या ठिकाणच्या मोजणीने भागत नाही, याचे कारण पक्ष्यांच्या दुसऱ्या घरी आहे. कझाकस्तानात घरटी करणाऱ्या फिकट भोवत्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की एकाच प्रदेशातले काही पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे आणि काही भारताकडे जातात. तिकडे संख्या घटली तर कारण तिकडच्या स्टेपवर शोधायचे, आफ्रिकेत की दख्खनच्या माळावर, हे ठरवायला तिन्हीकडची वही लागते. आपल्या बाजूची पाने कोरी राहिली तर प्रश्नाचा एक तृतीयांश भाग कायम अंधारात राहतो. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालाने देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या कोट्यवधी नोंदींवरून शिकारी पक्ष्यांमध्ये मोठी घट होत असल्याचे दाखवले आहे. घट कुठे आणि कोणत्या ऋतूत होते हे समजायला गावपातळीवरचे सलग आकडे हवेत.

अमूर ससाण्याची कथाही इथे आठवते. २०१२ मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ हे ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडले जात असल्याचे उघड झाले. दिवसाला बारा ते चौदा हजार असा अंदाज तिथे गेलेल्या कार्यकर्त्यांनी आकडे मांडून जगासमोर ठेवला. पुढच्याच हंगामात गावकऱ्यांनी शिकार थांबवली. २०१३ मध्ये तीन पक्ष्यांना उपग्रह-यंत्रे बसवली, त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती. नागालँडहून निघालेले हे ससाणे भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा समुद्र ओलांडून परततात. आपल्या डोक्यावरून जाणारी ही वाट आपल्याला यंत्रामुळे कळली. पण पांगतीच्या लोकांना जाग आली ती यंत्राच्या आधी, एका आकड्याने.

आता का

हा विषय केवळ पक्षिप्रेमींच्या हौसेचा राहिलेला नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला असे दोन भाग तुलनेला घेतले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी आढळले आणि त्यांच्या तावडीतून सुटलेले सरडे वाढले. पवन ऊर्जा नको असा याचा अर्थ नाही. दुष्काळी भागाला वीज आणि उत्पन्न दोन्ही हवे आहे. पण खांब कुठे उभा करावा हे ठरवताना पक्ष्यांचा आकडा समोर असला पाहिजे. चाळकेवाडीला तुलनेसाठी पठाराचा मोकळा भाग शिल्लक होता. बीड जिल्ह्यातल्या माळांवरही पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. उभारणीच्या आधी तिथे काय होते हे नंतर कुठल्याही पैशाने विकत घेता येत नाही. स्थलांतरी शिकारी पक्ष्यांच्या रक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१६ मध्ये सही केली आहे. त्या सहीला अर्थ येतो तो अशा आकड्यांनीच.

मोजणीचा महिना कोणता, यावर उत्तर कसे बदलते हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर इथल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, परततात. भोवत्ये गावात येतात तेव्हा कोयता बाहेर पडतो, आणि कोयता परततो तेव्हा भोवत्ये निघालेले असतात. २०११ च्या जनगणनेत माणसे मोजण्याचे काम ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाले. तेव्हा अनेक घरांना कुलपे होती आणि घरची माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर पाचटाच्या कोप्यांत होती. पुढची गणनाही फेब्रुवारीतच ठरली आहे. गावात कोण राहते या प्रश्नाचे उत्तर वर्षाच्या एका पंधरवड्यात सापडत नाही. हे माणसांइतकेच पक्ष्यांनाही लागू आहे. नोव्हेंबरच्या सप्ताहात घेतलेली नोंद कितीही काटेकोर असली तरी ती अर्ध्या वर्षाचीच.

वसंतातली मोजणी अवघड नाही. त्यासाठी डोंगर भाड्याने घ्यावा लागत नाही की यंत्र बसवावे लागत नाही. रातथारा एकदा सापडला की जानेवारीपासून दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, दूर अंतरावर बसायचे. राखी नर वेगळे लिहायचे. माद्या आणि तरुण पक्षी दोन्ही तपकिरी आणि संधिप्रकाशात ओळखायला कठीण, म्हणून ते 'तपकिरी' असेच एकत्र लिहायचे. बऱ्याच स्थलांतरी पक्ष्यांमध्ये वसंतात नर आधी निघतात. राखी आणि तपकिरी यांचे प्रमाण आठवड्यागणिक कसे बदलते यावरून भोवत्यांचे काय ते कळेल. गवत कापले, पेटले, नांगरले तर तेही लिहायचे. गवतात शिरायचे नाही, विजेरी मारायची नाही, आणि जागेचा गवगवा करायचा नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पक्षी दिसेनासे झाले म्हणून वही मिटायची नाही. साइक्सपासून आजच्या हौशी निरीक्षकापर्यंत साऱ्यांची लेखणी पक्षी दिसल्यावरच चालली. दिसला नाही त्या संध्याकाळचा कागद कुणी ठेवला नाही. पण परतीची तारीख त्या कोऱ्या संध्याकाळीच ठरते. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर निदान तीन आठवडे तरी त्याच जागी बसून, तारखेपुढे शून्य लिहावे लागते. एखाद्या वर्षी ते शून्य चैत्र पाडव्याच्या आधीच येऊ लागले, किंवा माघातच आले, तर माळावर काहीतरी बदलले आहे हे त्यावरून कळेल. घाटनांदूरच्या आसपासच्या शाळांतली मुले, गायरानात जनावरे नेणारे गुराखी, संध्याकाळच्या गाडीची वाट पाहणारे शिक्षक यांच्यापैकी कुणालाही हे काम जमण्यासारखे आहे. पक्ष्यांची सगळी इंग्रजी नावे पाठ असण्याची त्याला गरज नाही. लागते ती तीच जागा, तोच वार आणि दहा-वीस वर्षे न चुकता भरलेली एक वही.